बोगनवेल कोणी आणली?



चैत्र संपत आला की आपल्याकडचं रान कसं दिसतं, ते तुम्हाला सांगायला नको. उन्हाळी धान नसलेल्या बांध्या भेगाळून पडलेल्या असतात. मोहाची टोळ धरू लागते, पळसाची फुलं गळून गेलेली असतात. अशा उन्हात शाळेच्या फाटकावर, दवाखान्याच्या कुंपणाला, कुणाच्या सांदवाडीच्या काट्यांवर एक झाड मात्र गुलाबी-जांभळं होऊन बसलेलं असतं. कोणी पाणी घालत नाही, कोणी खत टाकत नाही. आपण तिला बोगनवेल म्हणतो, काही जणी कागदी फूल म्हणतात.

आमच्या गटानं दोन वर्षांपूर्वी या बोगनवेलीची रोपं केली, आणि त्यातूनच आजचं बोलणं सुरू झालं. ते शेवटी सांगतो. आधी ही वेल आपल्याकडे आली कुठून, ते पाहू. कारण तिच्या मागे एक बाई उभी आहे, आणि त्या बाईचं नाव आपल्यातल्या कोणीच कधी ऐकलेलं नव्हतं.

बोगनवेल मूळची आपली नाही. ती दक्षिण अमेरिकेची, ब्राझील आणि पेरू या देशांकडची. आपल्या अंगणातली गुलबक्षी संध्याकाळी उमलते ना, तिच्याच कुळातली ही. पावसाळ्यात धुऱ्यावर पसरणारी पुनर्नवा, तीही याच कुळातली. म्हणजे एक बहीण अंगणात, एक धुऱ्यावर, आणि ही तिसरी काटे घेऊन कुंपणावर.

आणखी एक गंमत. जे रंगीत दिसतं, ते तिचं फूल नव्हेच. ती पानं आहेत, रंग बदललेली. तीन रंगीत पानं एकत्र येतात आणि त्यांच्या मधोमध बारीक नळीसारखं पांढुरकं फूल असतं. खरं फूल ते. हातात घेऊन नीट पाहिल्याशिवाय दिसत नाही. रंगीत पानं पातळ, कोरडी असतात, म्हणून तर कागदी फूल हे नाव पडलं. सगळ्यांची नजर पानांवर जाते आणि खरं फूल आत राहून जातं. आजची गोष्टही काहीशी अशीच आहे.

गोष्ट अडीचशे वर्षांपूर्वीची, फ्रान्स देशातली. तिथल्या बर्गंडी भागात ला कोमेल नावाचं खेडं आहे. त्या खेड्यात १७४० साली जुलै महिन्यात एक मुलगी जन्मली. तिचं नाव झान बारे. बाप रोजमजुरी करून पोट भरणारा. घरी जमीन नाही, पैसा नाही. मुलगी मोठी झाली आणि जवळच्या गावात एका डॉक्टरच्या घरी कामाला लागली. त्या डॉक्टरचं नाव फिलिबेर कॉमर्सन. त्याला झाडपाल्याचं भारी वेड. रानोरान हिंडायचं, रोपटी उपटायची, वाळवायची, कागदावर चिकटवून त्यांची नावं लिहून ठेवायची, हाच त्याचा ध्यास. त्याची बायको १७६२ साली बाळंतपणानंतर वारली. घर सांभाळायला झान होतीच.

पुढे १७६४ साली झानला दिवस गेले. लग्न झालेलं नव्हतं. त्या काळी फ्रान्समध्ये कायदा होता, की अशा बाईनं सरकारी माणसासमोर जाऊन आपण गरोदर आहोत हे लिहून द्यायचं. झाननं तेही केलं, पण बापाचं नाव काही सांगितलं नाही. नंतर कॉमर्सन आणि ती पॅरिसला राहायला गेले. मूल जन्मलं, ते अनाथाश्रमात दिलं गेलं, आणि थोड्याच महिन्यांत गेलं. मैत्रिणींनो, या चार ओळी सांगायला सोप्या आहेत. त्या बाईवर काय गुदरलं असेल, ते आपल्याला वेगळं समजावून द्यायची गरज नाही.

त्यानंतर फ्रान्सच्या राजानं एक मोहीम काढली. दोन जहाजं सगळ्या पृथ्वीला वळसा घालून येणार होती. मोहिमेचा प्रमुख होता लुई आंत्वान द बुगांव्हिल. नवे मुलूख बघायचे, नवी झाडं गोळा करायची, म्हणून सोबत एक झाडांचा जाणकार हवा होता. ती जागा कॉमर्सनला मिळाली. त्याची तब्येत नाजूक, एका पायाला जुनी जखम. मदतीला कोणीतरी पाहिजेच. पण फ्रान्सच्या आरमाराचा १६८९ सालचा हुकूम होता, की जहाजावर बाईनं पाऊल ठेवायचं नाही.

इथे हसू येण्यासारखी एक गोष्ट आहे. दोन जहाजांपैकी एकाचं नाव होतं 'ला बूदझ', म्हणजे रुसूबाई. दुसऱ्याचं नाव 'एत्वाल', म्हणजे चांदणी. जहाजांना बायकांची नावं चालत होती, जहाजावर बाई चालत नव्हती.

झाननं केस कापले, सैल पुरुषी कपडे घातले, छातीला कापडाची पट्टी आवळली आणि बंदरावर जाऊन उभी राहिली. कॉमर्सननं तिला तिथेच गाठ पडलेला गडी म्हणून कामावर ठेवलं. १७६७ च्या फेब्रुवारीत एत्वाल जहाज निघालं. दोन्ही जहाजांवर मिळून तीनशेवर पुरुष, आणि त्यांच्यात ही एकटी. कॉमर्सनचं सामान इतकं होतं, की जहाजाच्या कप्तानानं आपली मोठी खोली त्याला आणि त्याच्या गड्याला देऊन टाकली. त्या खोलीमुळे झानला थोडा आडोसा मिळाला. नाहीतर तीनशे माणसांत न्हाणंधुणं कसं झालं असतं, याचा विचार आपल्यापैकी प्रत्येकीच्या मनात आलाच असेल.

जून महिन्यात जहाज ब्राझीलमधल्या रिओ बंदराला लागलं. तिथे वातावरण चांगलं नव्हतं. जहाजावरच्या पाद्र्याचा किनाऱ्यावर खून झाला. तरीही झाडं गोळा करायचं काम थांबलं नाही. आणि इथे, रिओच्या आसपास, ती काटेरी, जांभळ्या रंगानं लवलवलेली झुडपं त्यांच्या नजरेस पडली. तिथल्या रानातल्या माणसांना ती पिढ्यान्‌पिढ्या माहीत असणारच. म्हणून 'शोध लावला' हा शब्द आम्हाला थोडा खटकतो. पण युरोपातल्या पुस्तकांत तिची नोंद या मोहिमेमुळे झाली, हे खरं.

आता पाहा. कॉमर्सनचा पाय दुखत होता, चालणं अवघड झालं होतं. मग चढण चढून, काट्यांत हात घालून फांदी कोणी तोडली असेल? फांदी तोडणाऱ्या हाताची नोंद कोणत्याही कागदावर नाही. पण त्या जहाजावर कॉमर्सनसाठी चालणारे पाय आणि वाहणारे खांदे कोणाचे होते, याची नोंद मात्र आहे.

पुढे जहाजं अमेरिकेच्या दक्षिण टोकाला, मॅगेलनच्या सामुद्रधुनीत गेली. बर्फाचे डोंगर, गार वारा. तिथे झान बंदूक, शिदोरी आणि झाडं दाबायच्या कागदांचे गठ्ठे पाठीवर घेऊन डोंगर चढली. कॉमर्सन स्वतः तिला आपलं ओझ्याचं जनावर म्हणायचा. त्यानं ते कौतुकानं म्हटलं म्हणतात. आम्ही हे गटाच्या बैठकीत वाचून दाखवलं, तेव्हा एक म्हातारी माय म्हणाली, "कौतुकानं म्हणा की रागानं, ओझं तर तेवढंच राहते ना."

आणि काम नुसतं वाहायचं नव्हतं. झाडाची फांदी तोडून आणली की ती कागदांच्या घडीत पसरून दाबायची. ओल कागदात उतरली की कागद बदलायचा. पुन्हा दाबायचा, पुन्हा बदलायचा. जरा हयगय झाली की बुरशी आलीच. ज्या बायका आभाळ भरून आलेलं असताना पापड-कुरड्या वाळवतात किंवा मोहफुलं जपतात, त्यांना हे काम लगेच कळेल. तेही समुद्रावर, जिथे हवाच ओली. अशी वाळवलेली सहा हजारांहून जास्त झाडं कॉमर्सनच्या नावानं पुढे पॅरिसला पोहोचली. सत्तरहून अधिक वनस्पतींना कॉमर्सनचं नाव दिलं गेलं.

१७६८ च्या एप्रिलमध्ये जहाजं ताहिती नावाच्या बेटावर गेली. बुगांव्हिलनं लिहून ठेवलं आहे, की तिथल्या लोकांनी झानला पाहताक्षणी ओळखलं. वर्षभर सोबत राहणाऱ्यांना कुजबुजीपलीकडे जे उघड बोलता आलं नव्हतं, ते परक्या माणसांनी एका नजरेत सांगितलं. मग झाननं बुगांव्हिलसमोर डोळ्यांत पाणी आणून कबुली दिली. बुगांव्हिलनं तिला शिक्षा केली नाही. उलट आपल्या १७७१ साली छापलेल्या पुस्तकात तिच्या धीराबद्दल चांगलंच लिहिलं, आणि अशी फेरी करणारी ती पहिली बाई ठरेल असंही लिहिलं. पण जहाजावरचे तिचे पुढचे दिवस सुखाचे गेले नाहीत. बाई आहे हे कळल्यावर खलाशांच्या घोळक्यात राहणं म्हणजे काय, ते आपण समजू शकतो.

त्याच वर्षाच्या शेवटी जहाजं मॉरिशस बेटावर आली. हो, तेच मॉरिशस, जिथे पुढे आपली मराठी माणसं जाऊन राहिली आणि आजही त्यांचे वंशज गणपती बसवतात. तिथला फ्रेंच अधिकारी कॉमर्सनचा जुना ओळखीचा होता. कॉमर्सन आणि झान तिथेच उतरले, आणि पुढची काही वर्षं मादागास्कर आणि आसपासच्या बेटांवर झाडं गोळा करत राहिले. १७७३ च्या मार्चमध्ये कॉमर्सन मॉरिशसमध्ये वारला. झान परक्या बेटावर एकटी पडली. तिनं काय करावं? पोर्ट लुई गावात खानावळ-दारूचं दुकान चालवलं. रविवारी प्रार्थनेच्या वेळी दारू विकली म्हणून तिला दंडही झाला. १७७४ च्या मे महिन्यात तिनं एका फ्रेंच शिपायाशी लग्न केलं आणि त्याच्यासोबत ती फ्रान्सला परतली. तिथे पाय ठेवला तेव्हा तिची पृथ्वीप्रदक्षिणा पूर्ण झाली. समुद्रानं पृथ्वीला पूर्ण वळसा घातलेली, इतिहासाला माहीत असलेली ती पहिली बाई. ना कुठे मिरवणूक निघाली, ना सत्कार झाला.

कॉमर्सनबद्दलही न्यायानं बोललं पाहिजे. त्यानं मृत्युपत्रात झानसाठी पैसे ठेवले होते, ते तिला मिळाले. मादागास्करच्या एका झुडपाला तिचं नाव द्यायचंही त्याच्या मनात होतं. त्या झुडपाची पानं एकाच झाडावर वेगवेगळ्या आकाराची होती. पण कागद पॅरिसला पोहोचेपर्यंत त्या जातीची झाडं दुसऱ्या नावानं नोंदली गेली होती. झानचं नाव गळालं ते गळालंच. १७८५ साली त्याच आरमाराच्या खात्यानं, ज्यानं बाईला जहाजावर मनाई केली होती, तिला वर्षाला २०० लिव्र पेन्शन मंजूर केली आणि तिला असामान्य बाई म्हटलं. १८०७ च्या ऑगस्टमध्ये, सदुसष्टाव्या वर्षी ती वारली.

आणि बोगनवेल? तिला नाव मिळालं मोहिमेच्या प्रमुखाचं. १७८९ साली, ज्या वर्षी फ्रान्समध्ये क्रांती झाली त्याच वर्षी, जुसिये नावाच्या शास्त्रज्ञाच्या पुस्तकात बुगांव्हिलच्या नावावरून हे नाव छापलं गेलं. आपल्या लोकांनी त्या अवघड नावाची घडी मोडून 'बोगनवेल' केली आणि शेवटी आपलीशी 'वेल' जोडून घेतली. तेवढं मात्र छान झालं.

पुढचा प्रवास थोडक्यात सांगतो. एकोणिसाव्या शतकात ती युरोपातल्या श्रीमंतांच्या बागांत गेली. तिथल्या थंडीत ती बाहेर टिकत नव्हती, म्हणून तिला काचेच्या घरात ठेवावं लागायचं. आपल्या देशात ती युरोपातून १८६० साली कलकत्त्याला आली असं सांगतात. इथलं ऊन तिला मानवलं. काचेच्या घरातली नाजूक पाहुणी इथे आल्यावर कुंपणावर चढली. नवे नवे रंग निघाले. किरमिजी रंगाचा एक प्रकार दक्षिण अमेरिकेतल्या कार्ताहेना शहरातल्या एका बागेत एका बाईला दिसला. तिनं तो त्रिनिदादला नेला आणि तिथून तो जगभर गेला. त्याचं नाव पडलं 'मिसेस बट'. बघा, इथे बाईचं नाव लागलं, पण तेही नवऱ्याचं! पुढे कलकत्त्याच्या बागेत एकाच फांदीवर पांढरी आणि गुलाबी अशी दोन्ही पानं येणारा प्रकार निघाला, त्याला 'मेरी पामर' म्हणतात. तो तुम्ही नक्की पाहिला असेल. आज जगात बोगनवेलीचा नवा प्रकार निघाला, तर त्याच्या नावाची नोंद दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेत होते. म्हणजे परदेशातून आलेल्या वेलीची जन्मनोंद आता आपल्या देशात होते.

आता आमची गोष्ट. दोन वर्षांपूर्वी आषाढात रोवणी जरा थांबली होती, तेव्हा आम्ही गटातल्या अकरा जणींनी बोगनवेलीच्या कांड्या लावल्या. रीत सोपी आहे. पेन्सिलीएवढी जाड, जुनी फांदी घ्यायची, वीतभर कापायची, दोन-तीन डोळे मातीत जातील अशी पिशवीत खोचायची. माती पाणी धरून ठेवणारी नको, रेती मिसळायची. काटे फार लागतात, हातांची चाळण झाली. पाणी जास्त झालं त्या कांड्या कुजल्या. निम्म्याहून थोड्या जास्त जगल्या. मोठ्या झाल्यावर एक धडा शिकलो, की या झाडाला सारखं पाणी दिलं की नुसती पानं वाढतात. थोडं तहानलेलं ठेवलं की रंग येतो. बहर गेल्यावर छाटलं की पुन्हा फुटतं.

रोपं विकली गेली. पण ती जागा आमच्यातल्या एकीच्या मालकाच्या नावे होती. घेणाऱ्यानं बिल त्यांच्याच नावानं केलं. रोपांच्या जागी पाटी लागली, तीही त्यांच्याच नावाची. ते भले माणूस, पैसे एकही न ठेवता गटाला दिले. भांडण काहीच नव्हतं. पण दुसऱ्या वर्षी लोक विचारायला येऊ लागले, "भाऊंची रोपवाटिका कुठे आहे?" आणि आम्ही अकरा जणी काट्यांनी फाटलेल्या हातांनी त्यांना बोटानं दाखवत होतो, "ती तिकडे."

झान बारेची गोष्ट आम्ही त्याच सुमारास वाचली. मग बैठकीत बराच वेळ कोणी बोललं नाही. शेवटी आमच्यातली जी गटाचा हिशेब लिहिते, तिनं आपली वही काढली. तिनं पहिल्या दिवसापासून लिहून ठेवलं होतं, कोणत्या तारखेला, कोणी किती कांड्या लावल्या, कोणाच्या किती जगल्या. अकरा जणींची नावं त्या वहीत होती. आम्हाला तोवर ते नुसतं हिशेबाचं काम वाटत होतं. आता पाटी बदलली आहे. तिच्यावर गटाचं नाव आहे, आणि बिल गटाच्या खात्यावर निघतं. भाऊंनीच ती पाटी रंगवून दिली.

मैत्रिणींनो, नाव कागदावर असणं ही हौस नाही. सातबाऱ्यावर नाव नसेल तर शेताचं कर्ज, पीकविमा, नुकसानभरपाई, सगळं दुसऱ्याच्या हातात जातं. म्हणूनच शेतकरी संघटनेनं शरद जोशींच्या पुढाकारानं लक्ष्मीमुक्तीची मोहीम काढली होती, की नवऱ्यानं बायकोच्या नावे जमीन लावून द्यावी. गावातलं घर नवरा-बायको दोघांच्या नावे लावता येतं, ग्रामपंचायतीत जाऊन विचारा. २००५ च्या दुरुस्तीनंतर हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित मालमत्तेत लेकीला लेकाइतकाच हक्क आहे. आणि १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर आईचं नाव लावणं आपल्या राज्यात बंधनकारक झालं आहे. आधी मुलाचं नाव, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. या नावासाठी किती बायकांनी किती वर्षं वाट पाहिली असेल!

झान बारेलाही तिचं झाड मिळालं, फार उशिरा. २०१२ साली दक्षिण अमेरिकेतल्या एक्वाडोर आणि पेरूकडच्या एका नव्या रोपट्याला शास्त्रज्ञांनी तिचं नाव दिलं. ते आपल्या वांग्या-बटाट्याच्या कुळातलं आहे. तिच्या मृत्यूनंतर २०५ वर्षांनी. आपण एवढं थांबायचं कारण नाही.

म्हणून आजचं काम छोटंसं. गटाच्या पुढच्या बैठकीला वही न्या. जिनं पऱ्हे टाकले, जिनं बी राखलं, जिनं रोप जगवलं, तिचं नाव त्या दिवसाच्या तारखेसह लिहा. आणि येत्या पावसाळ्यात बोगनवेलीची एक कांडी शाळेच्या कुंपणाला लावा. पोरींनी विचारलं, की ही वेल कोणी आणली, तर त्यांना झान बारेचं नाव सांगा.